कायदा नडतोय की साहेब? राज्याच्या कायद्याला कोर्टात आव्हान देण्याआधी

"वकीलसाहेब, या कायद्यालाच चॅलेंज करायचंय," असं म्हणत येणाऱ्या बहुतेकांचं भांडण कायद्याशी नसतंच. हातात एक नोटीस असते. नोटिशीत कुठल्याशा परिपत्रकाचा क्रमांक असतो, ते परिपत्रक एखाद्या शासन निर्णयावर उभं असतं, आणि मूळ कायदा काढून वाचला तर त्यात अशिलाला छळणारा एक शब्दही सापडत नाही. मग जे काम एका अर्जानं किंवा अपिलानं झालं असतं, त्यासाठी माणूस हायकोर्टाच्या पायऱ्या चढतो आणि दोन वर्षांनी 'आधी अपील करा' एवढंच ऐकून परत येतो.

पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी हे लिहितोय: दुकानदार, सोसायटीचे सेक्रेटरी, ग्रामपंचायतीचे सदस्य, कायद्याच्या पहिल्या वर्षाची मुलं. हे वाचून वकिलाशिवाय लढा असं मी म्हणणार नाही. वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळलं तरी पुष्कळ.

पहिली पायरी: कागद कोणत्या मजल्यावरचा आहे?

सगळ्यात वर असतो अधिनियम, म्हणजे विधानमंडळानं मंजूर केलेला कायदा. त्याखाली त्याच कायद्यानं दिलेल्या अधिकारातून सरकारनं केलेले नियम आणि अधिसूचना. त्याखाली शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, आणि परिपत्रकं. तळमजल्यावर तुमच्या नावानं निघालेला आदेश किंवा नोटीस.

प्लास्टिकबंदीचं बघा. लोक 'दोन हजार अठराचा कायदा' म्हणतात. २३ मार्च २०१८ला निघाली ती अधिसूचना. तिचा आधार होता २००६चा महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद, ही शिक्षा त्या जुन्या कायद्यातून आली. तेव्हा तुमचं म्हणणं 'माझी वस्तू या बंदीत बसतच नाही' असं असेल तर २००६च्या कायद्याशी भांडून काही उपयोग नाही, अधिसूचनेतली व्याख्या वाचा.

जीआरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे जीआरला वेदवाक्य मानायची सवय आहे. जीआर हा सरकारच्या कार्यकारी अधिकारातून निघतो (संविधानाचा अनुच्छेद १६२). कायदा जिथं गप्प आहे तिथं तो पोकळी भरू शकतो, पण कायद्याच्या किंवा नियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, आणि नुसत्या जीआरच्या जोरावर कुणाला तुरुंगात घालता येत नाही की कर लावता येत नाही. म्हणून नोटिशीत फक्त जीआरचा क्रमांक असेल, कलमाचा पत्ताच नसेल, तर तिथंच तुमचा पहिला मुद्दा तयार झाला.

दुसरी: तो लागू झालाय का?

विधानसभा आणि विधान परिषदेत विधेयक मंजूर झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात 'कायदा झाला' असं छापून येतं. तसं नसतं. राज्यपालांची संमती लागते, काही विधेयकं राष्ट्रपतींकडे जातात, मग राजपत्रात प्रसिद्धी. शिवाय पुष्कळ कायद्यांच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं असतं की शासन अधिसूचनेनं ठरवेल त्या दिवशी तो अमलात येईल. ती अधिसूचना निघालीच नाही तर कायदा पुस्तकात आहे आणि रस्त्यावर नाही.

किती काळ लागू शकतो याचा नमुना म्हणजे गोवंश हत्याबंदी. १९७६च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यात बैल आणि वळू आणणारं दुरुस्ती विधेयक १९९५चं, राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ साली. एक अख्खी पिढी मधे गेली.

विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर कायदे मिळतात, केंद्राच्या 'इंडिया कोड'वरही मिळतात. प्रत 'अमुक तारखेपर्यंत सुधारित' आहे का ते आधी बघा. मराठी मजकूर जरूर वाचा, पण कोर्टात शब्दावरून किस निघाला की अनुच्छेद ३४८प्रमाणे इंग्रजी मजकूर अधिकृत धरला जातो. आणखी एक नवख्यांना चकवणारी गोष्ट: कित्येक जुन्या कायद्यांच्या नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलंय. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम हे दोन वेगळे कायदे नाहीत. जुने निकाल जुन्या नावानं शोधावे लागतात.

राबवतं कोण, आणि नोटीस आली की काय करायचं

कायदा मंत्रालयात होतो, पण तुमच्या दारात येतो तो पालिकेचा, पोलिसांचा, तहसीलचा किंवा कामगार खात्याचा माणूस. त्याला तो अधिकार कुणी दिला, हा साधा प्रश्न असतो आणि फार थोडे लोक विचारतात. कायद्यात 'सक्षम प्राधिकारी' लिहिलेलं असतं, आणि तो कोण हे वेगळ्या अधिसूचनेत असतं. तुमच्या नोटिशीवर सही करणारा त्या यादीत आहे का?

मराठी पाट्यांचं प्रकरण या सगळ्याचा चांगला नकाशा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७चा. त्याखालच्या नियमात मराठी देवनागरी पाटीची सक्ती होती, पण दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानं त्यातून निसटत होती. मार्च २०२२मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली आणि सगळीच दुकानं आत आली. मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत, ही अटही. दंड कामगारामागे दोन हजार, जास्तीत जास्त एक लाख. तपासणी करणाऱ्याला या कायद्यानं 'सुविधाकार' असं गोड नाव दिलंय. बाजारात त्याला अजून शॉप इन्स्पेक्टरच म्हणतात.

त्या नियमाविरुद्ध व्यापाऱ्यांची संघटना कायद्यातल्या दुरुस्तीआधीच हायकोर्टात गेली होती. फेब्रुवारी २०२२मध्ये याचिका फेटाळली, वर पंचवीस हजारांचा खर्च बसवला. पाटीवर दुसरी भाषा लिहायला मनाई नाही, मग हक्कावर गदा कुठली, असा कोर्टाचा सूर होता. सुप्रीम कोर्टात २५ सप्टेंबर २०२३ला व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. तोंडावर दसरा-दिवाळी आहे, खटल्यावर खर्च करण्यापेक्षा पाट्या करून घ्या, अशा अर्थाचं न्यायमूर्ती बोलले. नोव्हेंबर संपता संपता मुंबईत पालिकेची माणसं दुकानं मोजत फिरू लागली.

तुमच्या दारात नोटीस आली तर ती मिळाल्याची तारीख पाकिटासकट जपून ठेवा. मुदतीत लेखी उत्तर द्या, अगदी अर्ध्या पानाचं का होईना, आणि पोच घ्या. तोंडी 'साहेबांना भेटून आलो' याला कोर्टात किंमत शून्य. माल जप्त झाला असेल तर पंचनाम्याची प्रत मागा, दंड भरलाच तर पावतीवर कलम लिहून घ्या आणि उत्तरात 'हरकत कायम ठेवून' भरत असल्याचं नमूद करा. फायलीतली टिपणी बघायची असेल तर माहिती अधिकार आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, हे विसरून चार पानी कैफियत पाठवणारे पुष्कळ.

उलटीही तक्रार असते. कायदा आहे, पण राबवतच नाहीत. तिथंही हायकोर्ट 'मँडमस', म्हणजे परमादेश (तुझं काम कर, असा अधिकाऱ्याला हुकूम), देऊ शकतं. त्याआधी तुम्ही संबंधित अधिकाऱ्याकडे लेखी मागणी केलेली असली पाहिजे आणि त्यानं नकार दिलेला किंवा मौन धरलेलं असलं पाहिजे. दाखला, परवाना, उतारा अशी कामं अडली असतील तर २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अपिलांची स्वतःची शिडी आहे. ती सोडून थेट कोर्ट गाठू नका.

कायद्याला आव्हान देता येतं ते कशावर

'हा कायदा चुकीचा आहे', 'मतांसाठी केलाय' हे मुद्दे चहाच्या टपरीवर ठीक. कोर्ट असं गृहीत धरून सुरुवात करतं की कायदा वैध आहे. तो अवैध आहे हे दाखवायचं ओझं तुमच्या डोक्यावर. विधानमंडळाचा हेतू वाईट होता, हा युक्तिवाद चालत नाही.

चालतो तो असा. विषय राज्याच्या अधिकारातलाच नव्हता, म्हणजे संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, जिथं केंद्र आणि राज्यात विषयांची वाटणी केलीय, तो केंद्राच्या सूचीत पडतो. किंवा विषय समवर्ती, म्हणजे दोघांच्या सामायिक, सूचीतला आहे, केंद्राचा कायदा आधीच आहे आणि राज्याचा राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय त्याच्याशी टक्कर घेतो. पश्चिम बंगालनं घरबांधणीसाठी स्वतःचा कायदा केला, जो केंद्राच्या २०१६च्या रेरा कायद्याची जवळजवळ नक्कल होता, पण राष्ट्रपतींची संमती घेतली नव्हती. मे २०२१मध्ये सुप्रीम कोर्टानं तो अख्खा रद्द केला. आपल्या राज्यानंही २०१२ साली असा कायदा केला होता. तो मात्र कोर्टात पडला नाही, रेरातच त्याला रद्द करणारं कलम होतं.

किंवा मूलभूत हक्कांचा भंग. समता, व्यवसायस्वातंत्र्य, जगण्याचा हक्क. इथं कोर्ट बघतं की बंधन वाजवी आहे का, आणि काहींना सूट व काहींना बंदी असेल तर त्या भेदाचा कायद्याच्या उद्देशाशी काही मेळ बसतो का.

आणि चौथा, माझ्या मते नवख्या माणसाला सगळ्यात उपयोगी मुद्दा: कायदा ठीक, पण त्याखालचा नियम कायद्याच्या मर्यादेबाहेर गेलाय. गोव्यात नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७(२)खाली प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका दुरुस्त' करायला २०२३चे नियम केले होते. मार्च २०२५मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं कलम ठेवलं, त्याचा अर्थ आवळला आणि नियम रद्द केले. कायदा पाडण्यापेक्षा नियम पाडणं सोपं असतं, आणि बऱ्याचदा तेवढ्यानं काम भागतं.

जायचं कुठं

तालुका किंवा जिल्हा न्यायालयाला कायदा रद्द करता येत नाही. तिथल्या चालू खटल्यात असा प्रश्न उभा राहिला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३खाली ते न्यायालय हायकोर्टाचं मत मागू शकतं, आणि राज्याच्या कायद्याचा प्रश्न असेल तर महाधिवक्त्यांना, म्हणजे राज्याच्या सर्वात वरच्या सरकारी वकिलांना, नोटीस जावी लागते. न्यायाधिकरणालाही ज्या कायद्यानं त्याला जन्म दिला तो तपासता येत नाही, १९९७च्या एल. चंद्रकुमार निकालानं ते पक्कं केलंय.

म्हणून जागा एकच: हायकोर्ट, अनुच्छेद २२६ची रिट याचिका, म्हणजे सरकारविरुद्ध थेट हायकोर्टाकडे आदेश मागणारा अर्ज. अनुच्छेद ३२खाली थेट दिल्ली गाठता येते, पण सुप्रीम कोर्ट अनेकदा आधी हायकोर्टात जा म्हणतं, आणि रेल्वेचं भाडं फुकट जातं.

मुंबई हायकोर्ट म्हणजे फक्त मुंबई नव्हे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरी इथं खंडपीठं आहेत. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसतं; कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. सावंतवाडीहून रात्रीची गाडी पकडून सकाळी फोर्टात उतरायचं आणि 'तारीख पडली' ऐकून परत फिरायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना या सोयीची किंमत विचारा.

'आधी अपील करा' हा अडसर कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असेल तर सहसा येत नाही. पण खोटं आव्हान चिकटवून अपील टाळायला जाऊ नका, न्यायमूर्तींना ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. रिटला ठरलेली मुदत नसली तरी 'इतके दिवस काय करत होता?' हा प्रश्न येतोच. स्वतःला झळ बसत असेल तर स्वतःच्या नावानं साधी रिट करा. जनहित याचिकेला मुंबई हायकोर्टाचे २०१०चे वेगळे नियम आहेत, आणि ज्याचा स्वतःचा धंदा गुंतलाय त्यानं 'जनहिता'चा झेंडा घेतला की कोर्टाच्या भुवया वर जातात.

याचिकेचा प्रवास

याचिकेत तुमची हकीकत, कायद्याचं कलम, आव्हानाची कारणं आणि शेवटी मागण्या. मागण्या नीट मांडून घ्या: कलम घटनाबाह्य ठरवा, ते न जमल्यास त्याचा अर्थ मर्यादित करा, माझ्यावरची नोटीस रद्द करा, आणि निकाल लागेपर्यंत माझ्यावर सक्तीची कारवाई नको. वकील कितीही नावाजलेला असला तरी मागण्यांचं पान स्वतः वाचा. जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही.

दाखल झाल्यावर कोर्टाचं कार्यालय त्रुटी काढतं: पान अस्पष्ट, समासात कमी जागा, मराठी कागदाचं भाषांतर नाही. याला 'ऑब्जेक्शन' म्हणतात. ती दूर केल्याशिवाय प्रकरण पुढं सरकत नाही. मग ते बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, लागतं, वैधतेचं आव्हान असल्यानं दोन न्यायमूर्तींसमोर. सरकारी वकील उत्तराचं प्रतिज्ञापत्र द्यायला वेळ मागतात, तो मिळतो, पुन्हा मागतात, बऱ्याचदा पुन्हा मिळतो.

इथं एक शब्द शिकून ठेवा: 'रूल'. कोर्टानं 'रूल' दिला म्हणजे याचिका अंतिम सुनावणीसाठी दाखल करून घेतली. तुम्ही जिंकला नाहीत. शेवटी 'रूल अ‍ॅब्सोल्यूट' झाला तर जिंकलात, 'डिस्चार्ज' झाला तर हरलात. पहिल्या 'रूल'लाच पेढे वाटलेले अशील मी पाहिलेत.

खरी लढाई स्थगितीची. याचिका दाखल झाल्यानं कायदा थांबत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण सगळ्यात महागडी चूक इथं होते: 'मॅटर कोर्टात आहे' म्हणत लोक कायदा पाळायचं सोडतात आणि दंड वाढत जातो. अख्ख्या कायद्याला स्थगिती देताना कोर्ट फार हात आखडतं. प्लास्टिकबंदीच्या वेळी एप्रिल २०१८मध्ये हायकोर्टानं ती नाकारली. मिळतच नाही असंही नाही. मराठा आरक्षणाच्या २०१८च्या कायद्याला हायकोर्टानं जून २०१९मध्ये टक्केवारी कमी करून उचलून धरलं, सुप्रीम कोर्टानं ९ सप्टेंबर २०२०ला स्थगिती दिली आणि ५ मे २०२१ला कायदा रद्द केला. सर्वसाधारण माणसानं मात्र स्वतःपुरतं संरक्षण मागावं. ते मिळायची शक्यता जास्त.

जिंकल्यावर काय होतं

बहुधा अर्धं जिंकता. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात १९५१मध्ये गेलं, राज्य विरुद्ध बलसारा. कोर्टानं कायदा ठेवला आणि अल्कोहोल असलेली औषधं व प्रसाधनं अडवणारे तुकडे तेवढे कापून काढले. उरलेला कायदा इतका जिवंत आहे की राज्यात विदेशी दारू प्यायला कागदोपत्री आजही परमिट लागतं. गोवंशाच्या प्रकरणातही तसंच: ६ मे २०१६ला हायकोर्टानं हत्याबंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम ५-डी आणि निर्दोषपणा सिद्ध करायचं ओझं आरोपीवर टाकणारं ९-बी रद्द केलं.

आणि पूर्ण जिंकलात तरी? डान्स बारचा इतिहास वाचा. २००५मध्ये पोलीस कायद्यात कलम ३३-ए घालून बंदी आली, पण तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना सूट. एप्रिल २००६मध्ये हायकोर्टानं बंदी रद्द केली. त्या निकालालाच स्थगिती मिळाली, त्यामुळे जिंकूनही बार बंद राहिले. सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा निकाल कायम केला तो १६ जुलै २०१३ला. सात वर्षांत नाचणाऱ्या मुलींचं काय झालं असेल, ते कुठल्या निकालपत्रात मावत नाही.

सरकारनं २०१४ साली सूट काढून टाकली आणि सगळ्यांवरच बंदी आणली. ऑक्टोबर २०१५मध्ये तिला स्थगिती. मग २०१६मध्ये वेगळाच कायदा: परवाना मिळेल, पण शाळा-मंदिरापासून एक किलोमीटर दूर, आत सीसीटीव्ही, नाचाच्या जागी दारू नाही. मुंबईत एक किलोमीटरच्या परिघात शाळा किंवा देऊळ नाही अशी जागा दाखवा! १७ जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टानं या अटी काढल्या. नोटा उधळायची बंदी आणि संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकराची वेळ ठेवली. चौदा वर्षं, तीन कायदे.

म्हणून निकाल लागला की दोन गोष्टी लगेच विचारा. सरकार अपिलात जाणार का? सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिकेसाठी नव्वद दिवस असतात, आणि तुम्ही हरला असाल तर तुम्हालाही तेवढेच. दुसरं, निकालाला कोर्टानं स्वतःच काही आठवड्यांची स्थगिती दिलीय का?

निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागवा. ज्या अधिकाऱ्यानं नोटीस दिली होती त्याला पत्रासोबत ती द्या, पोच घ्या. कोर्टानं रद्द केलेलं कलम छापील पुस्तकातून आपोआप नाहीसं होत नाही, आणि बदली होऊन आलेले नवे साहेब पुस्तक उघडून तेच कलम तुम्हाला पुन्हा दाखवू शकतात.